काळी एकची पांढरी दोन

जुन्या तबकडीवरचं गाणं पुन्हा बाजारात येतं तेव्हा वेष्टनावर एक शब्द ठळक छापलेला असतो, 'रीमास्टर्ड'. म्हणजे मूळ ध्वनिमुद्रण पुन्हा वाजवून, साफसूफ करून, त्यावरून तयार केलेली नवी प्रत. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते तशी गाण्याची ही आवृत्ती. आणि पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत जसे जुने मुद्रणदोष जातात आणि नवे शिरतात, तसंच इथंही होतं. फरक एवढाच की पुस्तकातला दोष डोळ्याला खुपतो, गाण्यातला दोष कानात शिरून तिथंच घर करतो. दहा वर्षांनी तोच खरा वाटायला लागतो.

मी कवितेचा माणूस. बी.ए.पर्यंत शिकलो तेही साहित्य, संगीत नाही. पण आमचे अब्बा यवतमाळच्या एका जिनिंगमध्ये हिशेब लिहायचे आणि घरी चावीचा फोनो होता. हंगामात रात्री उशिरा घरी यायचे, कपड्यांना रुई चिकटलेली, आणि जेवण्याआधी एक तबकडी लावायचे. मला तो नाद तिथून लागला. गेली तीसेक वर्षं मी दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड अशा गावांच्या आठवडी बाजारांतून आणि भंगाराच्या दुकानांतून तबकड्या उचलत आलो. आमच्याकडे त्यांना 'तवे' म्हणतात. एका भंगारवाल्यानं मला विचारलं होतं, "काय करता बाप्पा या तव्यांचं? पोळी त यावर शेकता येत नाही." त्याच्यासाठी तो वजनावर विकायचा माल होता. माझा छंद थोडा वेगळा आहे. तवा हाती लागला की त्याच गाण्याची कॅसेट, सीडी, एलपी, जे जे नंतर निघालं असेल ते मिळवायचं आणि सगळं शेजारी ठेवून ऐकायचं. हा उद्योग करता करता जे कळलं ते आज सांगतो.

आधी तवा म्हणजे काय ते पाहू. एलपी प्लॅस्टिकची असते, जुना तवा लाखेचा. पळस, बोर, कुसुंब यांच्या फांद्यांवर एक कीटक लाख तयार करतो. त्या लाखेत दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळून तवे दाबले जात. फाल्गुनात यवतमाळहून घाटंजीकडं जाताना जे पळस पेटलेले दिसतात, त्यांच्याच जातीच्या झाडावरचा हा माल. तो कडक आणि ठिसूळ असतो, हातातून पडला की काच. दहा इंची तव्याच्या एका बाजूला साधारण तीन-सव्वातीन मिनिटं बसत, बारा इंचीवर चार-साडेचार. गायकाला तासाभराचा राग तेवढ्यात आटपावा लागे. भारतात १९०२ पासून जवळजवळ १९७० पर्यंत हे तवे निघत होते, म्हणजे आपल्या संगीताची सत्तर वर्षं या लाखेत आहेत.

आता पहिला आणि माझ्या मते सगळ्यांत मोठा दोष, वेगाचा. या तव्यांना आपण सरसकट '७८' म्हणतो, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे. पण हा आकडा पक्का ठरला तो पुष्कळ उशिरा, विजेवर चालणारी यंत्रं आल्यावर. त्याआधी ध्वनिमुद्रण करणारा तंत्रज्ञ आपलं यंत्र कधी ७४ वर, कधी ८० वर चालवी. गाणं लांबलं आणि तव्यावर मावेना तर वेग थोडा कमी करी. हे लेबलवर लिहिलेलं क्वचितच असतं. आता समजा एखादं गाणं ७४ वर मुद्रित झालं आणि नवी आवृत्ती काढणाऱ्यानं ते डोळे मिटून ७८ वर वाजवलं, तर गाणं जलद होतं हा एक भाग झाला. पण वेगाबरोबर स्वरही चढतो, आणि या उदाहरणात तो जवळजवळ अर्धा स्वर चढतो. गायक काळी एकमध्ये गायला असेल तर सीडीवर तो पांढरी दोनमध्ये गाताना ऐकू येतो. पेटी वाजवणाऱ्यांना हे लगेच कळेल. इतरांसाठी सांगतो, पट्टी अर्ध्या स्वरानं चढली की भरदार गळा बारीक वाटू लागतो, 'आ'कार चपटा होतो, स्वरावरचं आंदोलन घाईचं वाटतं आणि तान आहे त्यापेक्षा चपळ भासते. एखाद्या उस्तादाविषयी 'आवाज जरा किनराच होता' असं आपण म्हणतो. तो आवाज किनरा होता की तवा जास्त वेगानं फिरवला होता, हे तपासून पाहिलेलं असतंच असं नाही.

यातून काय होतं त्याचं आमच्याच गावातलं उदाहरण देतो. एक निवृत्त संगीतशिक्षक होते, सगळे त्यांना गुरुजी म्हणत. त्यांच्याकडं एक मुलगी युवक महोत्सवासाठी बालगंधर्वांचं एक पद बसवत होती. पद तिनं सीडीवरून उचललं होतं, सीडीच्याच पट्टीत आणि सीडीच्याच लयीत. पंधरा दिवसांत तिचा गळा बसला. घरच्यांना वाटलं, पोरीला हे झेपत नाही, गाणं सोडावं. गुरुजींनी मला सीडी आणि यंत्र घेऊन बोलावलं, पेटी समोर ओढली आणि गाण्यातला ऑर्गन पेटीवर जुळवू लागले. जुळेना. ना या पट्टीत, ना त्या. म्हणाले, "अहो, ऑर्गन कधी दोन पट्ट्यांच्या फटीत वाजतो का? गवई बेसूर होईल एक वेळ, ऑर्गन कसा होईल?" आम्ही यंत्राचा वेग थोडा थोडा कमी करत गेलो. एका ठिकाणी ऑर्गन पट्टीवर येऊन बसला आणि त्याच क्षणी आवाजही माणसाचा झाला. लय संथ झाली, शब्दांना जागा मिळाली. गुरुजी मुलीला म्हणाले, "बेटा, आता म्हण." ती त्या पट्टीत सहज गायली. तो महोत्सव तिचा हुकलाच, पण गाणं सुटलं नाही. आज ती स्वतः शिकवते.

ही युक्ती शंभर टक्के बिनचूक नाही, हेही सांगायला हवं. त्या काळच्या पेट्या आणि ऑर्गन सगळे एकाच मापानं लावलेले नसत. शिवाय फटीतून खालच्या पट्टीवर यायचं की वरच्या, हे वाद्य सांगत नाही, ते गळ्यावरून ओळखावं लागतं. पण ऑर्गन फटीत वाजत असेल तर वेग संशयास्पद आहे, एवढं नक्की.

हे आपल्याकडंच होतं असं समजू नका. अमेरिकेत जॅझ नावाचं संगीत आहे. कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतून वाढलेलं, आणि आपल्या ख्यालासारखंच जागच्या जागी सुचेल तसं फुलवत नेण्याचं. त्यातला ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस याची 'काइंड ऑफ ब्लू' ही जगात सर्वाधिक खपलेल्या जॅझ तबकड्यांपैकी एक. १९५९ च्या मार्च आणि एप्रिल महिन्यांत न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत ती मुद्रित झाली. मार्चच्या बैठकीत मुख्य टेपयंत्र किंचित हळू चालत होतं आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही. हळू चालणाऱ्या यंत्रावर भरलेली टेप नीट चालणाऱ्या यंत्रावर वाजवली की जलद वाजते. म्हणून पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना बाजारात आल्या त्या थोड्या चढ्या सुरात. तबकडीबरोबर वाजवून सराव करणाऱ्या वादकांना आपलंच वाद्य उतरल्यासारखं वाटे. सुदैवानं त्याच वेळी दुसऱ्या एका यंत्रावर जोडटेप भरलेली होती आणि ते यंत्र बरोबर वेगानं चालत होतं. तिच्यावरून दुरुस्त आवृत्ती निघाली १९९२ साली, तेहतीस वर्षांनी. तोपर्यंत एक अख्खी पिढी चढा सूरच मूळ मानून मोठी झाली. तिथं निदान जोडटेप होती. आपल्या १९१०-२० च्या तव्यांना कुठली जोडटेप?

यावरून केसरबाई केरकरांची आठवण होते. गोव्यातल्या केरी गावच्या या थोर गायिकेची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर अंतराळात गेली. ती भैरवी निवडली गेली तेव्हा तिची तबकडी मिळता मिळेना. शेवटी न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या सामानाच्या दुकानात ती सापडली. पण माझं लक्ष वेधलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. त्या तबकडीच्या आवरणावर आकृत्या कोरल्या आहेत. सुई कुठं ठेवायची आणि एक फेरा किती वेळात पुरा व्हायचा, ते त्यात दाखवलं आहे. फेऱ्याला ३.६ सेकंद. परग्रहावरच्या कुणाला आपला सेकंद कळणार नाही म्हणून तो वेळ हायड्रोजन अणूच्या मापात दिलेला. म्हणजे ताऱ्यांपलीकडच्या अनोळखी श्रोत्याला आपण वेग सांगून ठेवला, आणि मिरजेच्या, पुण्याच्या, यवतमाळच्या श्रोत्याला मात्र अंदाजानं ऐकायला सोडलं.

दुसरा दोष सफाईचा. तव्यावर सुई फिरते तेव्हा खरखर येतेच, लाखेत दगडाची पूडच असते ना! नव्या आवृत्तीत ती काढून टाकतात. यात दोन वेगळी कामं असतात. ओरखड्यांचा टकटक आवाज काढणं तुलनेनं सोपं, कारण तो क्षणभराचाच असतो. सतत चालणारा 'सूं' आवाज काढणं अवघड. तो सगळ्या पट्टीभर पसरलेला असतो आणि वरच्या भागात जास्त ऐकू येतो. त्याच वरच्या भागात सारंगीची धार असते, तंबोऱ्याची जवारी असते आणि बोलण्यातले 'स', 'श', 'फ', 'च' असतात. चाळणी लावणाऱ्या यंत्राला खरखर कोणती आणि सारंगी कोणती हे कळत नाही. जोरात चाळलं की कोंड्याबरोबर पीठही जातं.

माझ्याकडं बालगंधर्वांचं एक पद तव्यावर आहे आणि तेच एका सीडीवर. गंधर्व नाटक मंडळीची साथ काय तोलाची होती ते जुन्या लोकांना ठाऊक आहे, तबल्यावर अहमदजान थिरकवाँ, सारंगीवर कादरबक्ष. तव्यावर खरखरीच्या पडद्याआड सारंगी गळ्याच्या मागोमाग सावलीसारखी चालते, दोन शब्दांच्या मधली जागा भरते. सीडीवर खरखर गेली आणि सारंगीही गेली. उरला एक स्वच्छ, एकटा आवाज, पाण्याखालून आल्यासारखा. बहुतेक तव्यांच्या लेबलवर साथीदारांची नावं नसायचीच. नाव नव्हतं, निदान आवाज तरी होता. सफाईत तोही पुसला जातो याचं मला फार वाईट वाटतं. आणि कवी म्हणून शब्दांचंही दुःख आहेच. 'श' गेला की ओळ बोबडी होते. नाट्यपदातले शब्द कळत नाहीत म्हणून लोक गायकाला दोष देतात, तो कित्येकदा चाळणीचा असतो.

अब्दुल करीम खाँसाहेबांच्या बाबतीत हे फार जपायला हवं. मूळचे किराण्याचे, मिरजेला स्थायिक झाले आणि १९३७ मध्ये तिथंच मातीआड झाले. तंबोरे जुळवण्यात त्यांचा हातखंडा होता, आणि १९३० नंतरच्या त्यांच्या ध्वनिमुद्रणांत गळा आणि तंबोरा एकमेकांत मिसळलेले असतात. तिथं तंबोरा पुसणं म्हणजे चित्राचा कागदच काढून घेणं. त्यांच्या एका ठुमरीच्या दोन कॅसेटी मी जवळ बाळगून आहे. एकीवर खरखर भरपूर, पण खाँसाहेब समोर बसलेले. दुसरीवर शांतता भरपूर, आणि खाँसाहेब शेजारच्या खोलीत.

जुन्या तव्यांवर आणखी एक गंमत असे. गाणं संपता संपता गायक स्वतःचं नाव सांगे. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्गनं कलकत्त्यात गौहर जानचं ध्वनिमुद्रण केलं, तेव्हाची तिची ती इंग्रजीतली आरोळी प्रसिद्धच आहे. हौस म्हणून नव्हे, तेव्हा तवे जर्मनीत हॅनोव्हरला दाबले जात आणि तिथल्या कारागिरांना गाणारी कोण ते कळावं म्हणून. कलकत्त्यात कारखाना १९०८ मध्ये आला. नव्या आवृत्त्यांत ही घोषणा बऱ्याचदा कापलेली असते, 'गाण्याचा भाग नाही' म्हणून. माझ्या मते ती जन्माच्या दाखल्यावरची सही आहे.

जोडकामाचे दोष तर विचारू नका. लांब चीज तव्याच्या दोन बाजूंवर विभागलेली असते. नव्या आवृत्तीत त्या बाजू सलग जोडतात. पण दुसऱ्या बाजूच्या वेळी यंत्राचा वेग जरा वेगळा असेल तर जोडावर षड्जच पायरी चुकल्यासारखा हलतो. मी घेतलेल्या एका सीडीवर दुसरी बाजू आधी जोडलेली होती. अंतरा होऊन मग स्थायी! शेवटी टाळ्यांऐवजी गाणं हळूहळू विरवून टाकायची खोड वेगळीच. समेवर येऊन थांबलेला गायक आपण धुक्यात ढकलून देतो.

चित्रपटसंगीतात आणखी एक प्रकार झाला, तो म्हणजे 'झंकार'. मूळ गाण्यावर वरून ढोलकाचे आणि यंत्राचे ठोके चढवायचे. पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांच्या १९५१ च्या 'अलबेला'चंच घ्या. त्यांच्याबरोबर गोव्यातल्या हळदोण्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट होता. मुंबईच्या हॉटेलांतून जॅझ वाजवणारा हा माणूस, त्याचा स्वतःचा ताफा होता. त्या गाण्यांतली ऐट त्या फुंकीत आहे. एसटी स्टँडवर विकत घेतलेल्या माझ्या कॅसेटवर ठोके एवढे मोठे होते की ट्रम्पेट बँडच्या वरातीत हरवलेल्या पोरासारखा कुठूनतरी ओरडत होता.

गेल्या काही वर्षांत मोठ्या एलपी पुन्हा निघू लागल्या आहेत. जाड प्लॅस्टिक, सुंदर कव्हर, आणि किंमत विचाराल तर आमच्याकडं अर्धा क्विंटल तांदूळ येईल. त्या घेताना एक गोष्ट कव्हरवर शोधावी, ही कशावरून तयार केली? मूळ टेपवरून, तव्यावरून, की आधीच्या सीडीवरून? सीडीवरून केलेली एलपी म्हणजे झेरॉक्सवरून पुन्हा केलेली हस्तलिखित प्रत. बरेच जण हे छापतच नाहीत, आणि न छापणं हेही एक उत्तर असतं. दुसरं, मधलं भोक बरोबर मध्यावर नसेल तर दर फेऱ्याला सूर वर-खाली डुलतो. झटपट तानेत ते कळत नाही, लांब षड्जावर आणि तंबोऱ्यावर लगेच कळतं. अशी प्रत मी सरळ परत करतो.

कधी दोष आवाजात नसतो, समजुतीत असतो. गीतरामायण १ एप्रिल १९५५ ला पुणे केंद्रावरून सुरू झालं, छप्पन्न गीतं. त्यात वेगवेगळे गायक-गायिका होते. पुढं घरोघरी ध्वनिमुद्रिका गेल्या त्या सुधीर फडक्यांच्या एकट्याच्या आवाजातल्या. आज पुष्कळ लोक त्यालाच मूळ समजतात. दोन्ही थोर, पण दोन्ही वेगळे. गदिमा १९७३ च्या यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. मी तेव्हा फार तर रांगत असेन. पण त्या संमेलनाला गेलेल्या लोकांशी या विषयावर माझे वाद झाले आहेत, आणि ते माझ्यापेक्षा जोरात बोलतात.

या साऱ्यात काम करणारे लोक आहेत. मुंबईत १९९० मध्ये सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था निघाली. पेशानं शास्त्रज्ञ असलेल्या सुरेश चांदवणकरांनी तिच्यासाठी वर्षानुवर्षं खपून तव्यांच्या याद्या, लेख, श्रवणाचे कार्यक्रम केले. ऑस्ट्रेलियाच्या मायकल किनिअरनं पहिल्या भारतीय ध्वनिमुद्रणांची सूची पुस्तकरूपानं दिली. या लोकांमुळं कुठला तवा कधीचा हे निदान शोधता येतं. शोधायची किल्ली म्हणजे तव्याच्या गुळगुळीत भागात, लेबलच्या कडेला कोरलेला क्रमांक. लेबल फाटलं तरी तो राहतो.

तेव्हा तुमच्या घरी माळ्यावर तवे असतील तर चार गोष्टी करा. आमच्याकडं मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो आणि टिनाखाली लाख मऊ पडून तवा वाकतो, म्हणून आधी ते खाली उतरवा आणि पुस्तकांसारखे उभे ठेवा. एकावर एक रचू नका. पुसायला मऊ ब्रश किंवा ओलसर फडकं वापरा, स्पिरिट किंवा सेंट मुळीच नको, कारण लाख त्यात विरघळते आणि गाणं फडक्यावर येतं. एलपीची बारीक सुई तव्याच्या रुंद खाचेत तळाशी खडखडत जाते, म्हणून तव्यासाठी जाड सुई वेगळी मिळते ती लावा. कुणाकडून संगणकावर भरून घेणार असाल तर त्याला सांगा, पहिली प्रत खरखरीसकट, काहीही न चाळता भर. साफ केलेली दुसरी प्रत हवी तर वेगळी कर, पण पहिली पुसू नको. उद्या याहून चांगली चाळणी निघेल, तेव्हा चाळायला मूळ धान्य हवं. आणि त्या फाईलला नाव देताना लेबलच्या कडेचा क्रमांक लिहा, पेटीवर जुळवून पाहिलेली पट्टी लिहा, आणि तवा किती वेगानं फिरवला तेही लिहा.